आसनं येतात, मजा येत नाही

अर्धचंद्री

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी प्रशिक्षित योगशिक्षिका नाही. चार वर्षं घरी एकटी करतेय, सकाळी चाळीस मिनिटं. बारा सूर्यनमस्कार, मग उभी आसनं, बैठी, थोडा प्राणायाम, शवासन. क्रम इतका पाठ झालाय की मध्येच कुणी विचारलं, 'त्रिकोणासन झालं का?' तर मला आठवत नाही. शरीराने ते केव्हाच उरकलेलं असतं. मी त्या वेळी आदल्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं भांडण मनातल्या मनात जिंकत असते.

दोन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या सहा जणांनी 'आम्हालाही शिकव' म्हणून गळ घातली. म्हटलं चला, सोबत मिळेल. आठवड्यातून दोनदा जमतो. पण झालंय असं की माझा एकटीचा कंटाळा आता सात जणांत वाटला जातोय. मी आकडे मोजते, ते करतात. शाळेतला पीटीचा तास. परवा ताडासनात एक जण हळूच घड्याळाकडे बघताना दिसला, आणि खरं सांगते, मीही त्याच क्षणी तेच करत होते. नजरानजर झाली, दोघंही ओशाळलो. दोघी जणी गळल्यात. एक 'पाठ दुखते' म्हणून, दुसरी काहीच न सांगता.

तर विचारायचंय हे की यात जरा खेळकरपणा, जरा एकमेकांत मिसळणं कसं आणायचं? सर्कस करायची नाहीये. तुमच्याकडे काय चालतं?

तिरकस

पहिला! पवनमुक्तासनावरचे विनोद सुरू व्हायच्या आत कुणीतरी गंभीर प्रतिसाद देऊन टाका.

कुंभकर्णासन

पवनमुक्तासन समूहाने करणं हीच मुळात माणसामाणसांतल्या विश्वासाची कसोटी आहे. दिवा घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

तिरकस

झालं. दुसऱ्याच प्रतिसादात.

एकांतवासी

स्पष्ट बोलतो, राग नसावा. योगात मजा 'आणायची' ही कल्पनाच मला उफराटी वाटते. गीतेच्या सहाव्या अध्यायातला दहावा श्लोक काढा. 'योगी युञ्जीत सततमात्मानं रहसि स्थितः' म्हणजे एकांतात, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून पुढच्या ओळीत 'एकाकी' असं पुन्हा बजावलंय. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्यात: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. प्रजल्प म्हणजे बडबड, जनसंग म्हणजे गोतावळा. धागाकर्तीला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी यादीत हजर आहेत.

खेळायचं असेल तर मैदानावर जावं. आसनात कंटाळा आला तर त्या कंटाळ्याकडेच बघत बसावं. अभ्यास म्हणतात तो हाच.

पाणिनीचा शेजारी

एकांतवासी, यादीतला चौथा शब्द तुम्ही भरकन म्हणून पुढे गेलात. नियमाग्रह. जरा संधी सोडवा. नियम + आग्रह, म्हणजे नियमांचा हट्ट. नियम + अग्रह, म्हणजे नियम न पाळणं. व्याकरणाला दोन्ही चालतात. टीकाकार ब्रह्मानंद हट्टाच्या अर्थाने घेतात आणि उदाहरण देतात पहाटे गार पाण्याने आंघोळ करण्यासारख्या नेमांचं. म्हणजे 'माझी चाळीस मिनिटं, माझा क्रम, इकडचं तिकडे नाही' हेही त्याच सहांत बसतं.

शिवाय सहाव्या अध्यायात सातच श्लोक खाली उतरलात तर 'युक्ताहारविहारस्य' भेटेल. आहार बेताचा हवा तसा विहारही बेताचा हवा, शून्य नव्हे. आणि योगसूत्रांत (१.३३) चित्त प्रसन्न करायला काय सांगितलंय? मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. यातली एक तरी गोष्ट दुसऱ्या माणसाशिवाय करून दाखवा.

तिरकस

म्हणजे हठप्रदीपिका लिहिणाऱ्या स्वात्मारामांनी एका शब्दात दोन्ही पार्ट्यांची सोय करून ठेवली. मुत्सद्दी माणूस.

एकांतवासी

मैत्री हा मनोभाव आहे. गेट-टुगेदर नव्हे.

पाणिनीचा शेजारी

मान्य. पण मनोभाव आहे की नाही ते शेजारच्याची टाच आपल्या चटईवर आली की कळतं.

कुंभकर्णासन

किंवा शेजारी शवासनात घोरायला लागला की. (तो शेजारी मीच.)

खटपट्या

मूळ प्रश्नावर येतो. आमचा नऊ-दहा जणांचा गट आहे, सात वर्षं टिकलाय. आम्ही केलेल्या खटपटींतल्या तीन टिकल्या, बाकी पडल्या.

एक, राज्य. लहानपणी 'राज्य कुणावर?' म्हणायचो ना, तेच. बारा सूर्यनमस्कार, बारा नावं: मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. प्रत्येक नमस्काराला राज्य बदलतं. ज्याच्यावर राज्य त्याने मंत्र म्हणायचा आणि आपल्या गतीने चालवायचं. एक बाई इतक्या सावकाश नेतात की अष्टांग नमस्कारात जमिनीवरच्या मुंग्या ओळखीच्या होतात. एक पोरगा फुर्रकन उडवतो. पण त्यामुळे दर नमस्काराला जागं राहावं लागतं. उशिरा येणाऱ्यावर पहिलं राज्य, म्हणजे 'मित्राय नमः'. शिक्षाही झाली आणि स्वागतही.

दोन, चिठ्ठ्या. डब्यात आसनांची नावं. उभ्या आसनांचा एक डबा, बैठ्यांचा दुसरा, म्हणजे अंग तापायच्या आधीच कुणी चक्रासन काढत नाही. पहिल्या वर्षी एकच डबा होता, त्याची फळं भोगली.

तीन, डोळे मिटून. ताडासनात पाय जुळवून डोळे मिटायचे, नुसतं उभं राहायचं. वाटतं दगडासारखे स्थिर आहोत. घोट्याजवळ लक्ष दिलं की कळतं, आत किती धावपळ चाललीय ती.

पडलेल्यांत सर्वांत वाईट प्रयोग होता 'कोण जास्त वेळ' हा. फळीसारखं कोपरांवर राहायचं, टेकला तो बाद. तिसऱ्या आठवड्यात दोन खांदे गेले आणि दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

सांधेवाली

खटपट्यांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा 'बाद' खेळांतून आलेले खांदे, मनगटं, माना रोज बघते. खेळ असावा, पण ज्यात कुणी बाद होत नाही असा.

माझा आवडता सांगते. वृक्षासन गोलात. सगळ्यांनी वर्तुळात उभं राहायचं, तोंडं आत, हात खांद्याच्या उंचीला बाजूला, आणि शेजाऱ्याच्या तळव्याला तळवा नुसता टेकवायचा. पकडायचं नाही, रेटायचं नाही. मग एक पाय वर. जी माणसं एकट्याने पाच सेकंद टिकत नाहीत ती इथे अर्धा मिनिट उभी राहतात. यात जादू काही नाही. तोल सावरायला मेंदू डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि तळपायाची जाणीव वापरतो. त्यात बोटाच्या टोकाचा हलकासा, अजिबात भार न टाकलेला स्पर्श मिळाला तरी डोलणं कमी होतं, कारण 'आपण कुठल्या बाजूला कलतोय' याची आणखी एक खबर मिळते. भिंतीला एक बोट लावून बघा.

गोलात मजा अशी, की ती भिंत स्वतःच डोलत असते. एक डगमगला की लाट पूर्ण फिरून परत त्याच्याकडे येते. शेजारच्याचा तळवा घामेजलेला आहे, त्याची नस उडतेय, हे सगळं कळतं. आणि मग कुणीतरी फिस्सकन हसतं आणि अख्खं जंगल कोसळतं.

सूचना: ज्यांना चक्कर येते किंवा तोल जाण्याचा त्रास आहे त्यांनी वर पाय उचलायचा नाही, नुसती टाच उचलून चवडा जमिनीवर ठेवायचा. तेही झाडच.

तिरकस

तेही झाडच. रोपटं.

अबोली

वाचत होते, पण इथे लिहावंसं वाटलं.

मी अशाच एका 'मजेशीर' वर्गाला जायचे. नाव घेत नाही. तिथे जोडीजोडीने आसनं असायची. पश्चिमोत्तानासनात जोडीदाराने मागून पाठ दाबायची. मी 'बस' म्हटलं. सगळे हसत होते, गाणी चालू होती, माझं 'बस' त्या हशात गेलं. मांडीच्या मागे, बसतो त्या हाडापाशी काहीतरी उसवल्यासारखं झालं. पुढे आठ महिने खुर्चीत नीट बसता येत नव्हतं. शिकवणाऱ्याचं म्हणणं, 'अगं, तू टाइट झालीस म्हणून दुखलं, एन्जॉय कर ना.'

त्यामुळे खेळकरपणा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. जिथे नाही म्हणणाऱ्याला रसभंग करणारा ठरवतात, तो खेळ इतरांचा असतो, माझा नसतो.

सांधेवाली

अबोली, वाईट वाटलं वाचून. मांडीमागच्या स्नायूचा कंडरा त्या हाडाला जिथे चिकटतो तिथली दुखापत फार हट्टी असते, बरी व्हायला महिने घेते. दुसऱ्याने दाबून ताण वाढवणं मी माझ्याकडे पूर्ण बंद केलंय. ज्याचं शरीर त्यालाच आतून कळतं कुठे थांबायचं, दाबणाऱ्याला ते कळतच नाही. स्पर्श करायचाच तर आधी विचारून, आणि टेकवण्यापुरता.

शून्यमात्रा

अबोलीला +१, वेगळ्या कारणासाठी. मला दुखापत वगैरे झाली नाही, मला फक्त सक्तीच्या मजेचा तिटकारा आहे. 'चला, आता प्रत्येकाने आपल्या आवडत्या प्राण्याचा आवाज काढायचा!' दिवसभर कामावर चेहऱ्याची इस्त्री सांभाळायची आणि सकाळी परत उत्साहाची. चटईवरचा तो एक तास कुणी मला काही विचारत नाही म्हणून मी तिथे जातो.

अर्धचंद्री, तुमच्याकडची न सांगता गेलेली व्यक्ती माझ्यासारखी असेल तर डबे, चिठ्ठ्या आणि राज्य बघून ती आणखी लांब पळेल.

मोजणी बंद

शून्यमात्रा, तुमच्यासाठी मधली वाट आहे आणि ती बरीच जुनी आहे. टी. कृष्णम्माचार्य १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवायचे. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्यापासून जी 'मैसूर पद्धत' जगभर गेली तिच्यात खोली एकच असते, पण मोजून घेणारं कुणी नसतं. प्रत्येकाने आपला क्रम आपल्या श्वासावर करायचा. कुणी पहिल्या नमस्कारात, कुणी शीर्षासनात, कुणी आवरून आडवं झालेलं. शिक्षक मधून फिरतात, जिथे लागेल तिथे थांबतात.

मी चार-पाच वर्षं अशा खोलीत करतोय. कुणाशी फार बोललेलो नाही. पण डावीकडच्या माणसाचा श्वास जड झाला की कळतं आज त्याचं काहीतरी बिनसलंय. तो एकदा तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा मी फक्त माझी चटई चार बोटं सरकवली. तो हसला. एवढंच झालं त्या दिवशी, पण मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

धागाकर्तीला फुकटचा सल्ला: मोजणं थांबवून बघा. दहा आकडे म्हणजे तुमचा श्वास असतो, बाकी सहा जणांचा नाही.

एकांतवासी

'मोजणी बंद' यांनी लिहिलं त्याला मी जनसंग म्हणणार नाही. दोन पावलं मागे घेतो.

तिरकस

स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

चारचौघी

मी मुलांना शिकवते, सहा ते दहा वयोगट. तिथे खेळकरपणा आणावा लागत नाही, आवरावा लागतो. पण एक गोष्ट मुलांनी मला शिकवली. आसनांची नावं बघा: मत्स्य, मयूर, कुक्कुट, उष्ट्र, भुजंग, शलभ, मकर, मंडूक, मार्जार, गरुड, सिंह. अख्खं प्राणिसंग्रहालय. आपण मोठी माणसं 'भुजंगासन' म्हणतो आणि कोपर शरीराजवळ आहे का ते तपासतो. मुलं साप होतात. फणा काढताना मान लांब करतात, छाती आपोआप उघडते, फुस्स करताना श्वास पूर्ण बाहेर जातो. मी दहा सूचना देऊन जे करवू शकत नाही ते 'साप चिडलाय' या दोन शब्दांत होतं.

घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की जेवढे जीव तेवढी आसनं, चौऱ्याऐंशी लाख. त्यातली चौऱ्याऐंशी उत्तम, आणि माणसाच्या कामाची बत्तीस. मुलांना हे सांगितलं तर एकाने लगेच हिशोब मांडला की मग बरीच शिल्लक आहेत. तेव्हापासून दर तासाला एक नवं आसन शोधतात. आजवरची काही: मिक्सरासन, चार्जरासन (एक पाय भिंतीला), हरवलेला-मोजा-शोधासन. शेवटचं म्हणजे चांगलं पार्श्वकोनासन आहे, फक्त हात पलंगाखाली.

कुंभकर्णासन

हरवलेला-मोजा-शोधासन मी रोज करतो. मला वाटायचं मी योग करत नाही.

अर्धचंद्री

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळं वाचतेय. अबोली, तुझा प्रतिसाद वाचून मी परवाच एकाची पाठ 'जरा अजून' म्हणत दाबली होती ते आठवलं. त्यांना फोन केला. ठीक आहेत. पुन्हा करणार नाही.

'मोजणी बंद', माझा आवाज थांबला तर शांततेत सगळे गोंधळतील अशी भीती वाटते. आणि शून्यमात्रा, गेलेली ती खरंच अबोल आहे. तिला काय विचारू आणि कसं विचारू, कळत नाही.

तिरकस

विनोदावर भिस्त ठेवू नका एवढं मी सांगू शकतो, पेशाने विनोदी असूनही. हास्यक्लबची गोष्ट ठाऊक असेल. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केला. सुरुवातीला रोज कुणीतरी मध्ये उभं राहून विनोद सांगायचं. थोड्याच दिवसांत साठा संपला, मग जे विनोद यायला लागले ते कुणाला तरी झोंबणारे. शेवटी विनोदच काढून टाकले आणि विनाकारण हसायला सुरुवात केली, ते जगभर पसरलं. आमच्या गटातही एक 'विनोदवीर' होता. तीन महिन्यांत लोक वज्रासनापेक्षा त्याला जास्त घाबरू लागले. (आता मी घरीच करतो.)

वज्रासनी आजी

मुलांनो, मी ७१ वर्षांची आहे. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझ्या दोन्ही गुडघ्यांची कुरकुर असते. वज्रासन हे नाव मी गंमत म्हणून घेतलंय, मला ते जमत नाही. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वर्गाला गेले तेव्हा सगळ्यांत मागे, खांबाच्या आडोशाला चटई टाकली. सगळे खाली बसले, मी खुर्चीत. वाटायचं, आपल्यामुळे तास अडतोय.

लहानपणी खेळात एखादं पोर फारच लहान असलं तर त्याला कच्चं लिंबू म्हणायचो, आठवतं? त्याच्यावर राज्य यायचं नाही, ते बाद व्हायचं नाही, पण ते खेळात असायचं. धावायचं, किंचाळायचं. त्याला खेळतोय असंच वाटायचं आणि ते खरंच खेळतही असायचं. मला त्या वर्गात कुणीतरी कच्चं लिंबू म्हणावं असं फार वाटायचं. दया नको होती मला, जागा हवी होती.

ती मिळाली सिंहासनाच्या दिवशी. शिकवणारी मुलगी म्हणाली, तोंड उघडा, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, नजर भुवयांच्या मध्ये, आणि 'हाऽऽ'. सगळी सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसं. कुणाची जीभ निघेना. एक निवृत्त अधिकारी गृहस्थ होते, त्यांनी जीभ काढली ती ओठांच्या आतच, जशी काही फाइलवर सही करायचीय. मी म्हटलं, आता आपल्याला काय गमवायचंय? कवळी काढून रुमालात ठेवली आणि अशी गर्जना केली की समोरची बाई दचकून मागे वळली. माझं बोळकं बघून ती जी हसायला लागली ती थांबेना. मग सगळ्यांच्या जिभा निघाल्या. ते अधिकारी तर डोळ्यांतलं पाणी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी खुर्ची उचलून पहिल्या रांगेत ठेवली. 'सिंहाची जागा पुढे,' म्हणाले. नऊ वर्षं झाली, मी तिथेच बसते.

चारचौघी

आजी!!! लव्ह यू.

पाणिनीचा शेजारी

आजी, या धाग्यावर सूत्र कुणी सांगितलं असेल तर तुम्ही. पतंजलींनी आसनाला एकूण तीनच सूत्रं दिली आहेत. पहिलं, 'स्थिरसुखमासनम्', सगळे भिंतीवर लावतात. दुसऱ्यात 'प्रयत्नशैथिल्य' आहे, म्हणजे आटापिटा सैल सोडणं, ते कुणी लावत नाही. रुमालात कवळी, हे त्याचं उत्तम भाष्य.

शून्यमात्रा

सक्तीच्या मजेवर मी वर जे लिहिलं ते कायम. पण आजींच्या गोष्टीत कुणी कुणाला 'चला, हसा' म्हटलं नव्हतं हे लक्षात आलं.

कुंभकर्णासन

अवांतर: शवासनात घोरणाऱ्याला उठवावं की नाही? आमच्याकडे दोन तट आहेत.

सांधेवाली

कुशीवर वळायला सांगा, डोक्याखाली घडी घातलेलं पांघरूण द्या. पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते, म्हणून घोरणं वाढतं. रोजच फार घोरत असाल, मध्ये श्वास अडकतोय असं वाटत असेल, तर मात्र विनोद बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

वज्रासनी आजी

उठवू नये. बिचाऱ्याची रात्र कशी गेली कुणास ठाऊक.

खटपट्या

अवांतरात अवांतर: बकासनात तोंडावर न पडण्यासाठी काही उपाय? आठवड्यातून एकदा तरी नाक शेकतो.

चारचौघी

समोर उशी ठेवा आणि नजर पायांकडे नको, हातभर पुढे जमिनीवर. नजर खाली गेली की डोकं जातं, डोकं गेलं की तुम्ही जाता. आणि कोपर वाकलेले असतील तर काही जण त्याला काकासन म्हणतात, सरळ असतील तर बकासन.

खटपट्या

म्हणजे मी सात वर्षं कावळा होतो.

तिरकस

आम्हाला कल्पना होती.

अर्धचंद्री

नऊ दिवसांनी परत आलेय. हिशोब द्यायला.

आधी चिठ्ठ्या करून बघितल्या. बऱ्या चालल्या. मग वृक्षासनाचा गोल. पहिल्यांदा सगळे तळवे टेकवायला लाजत होते, मध्ये बोटभर अंतर. मी म्हटलं, ज्याला नको त्याने भिंतीपाशी झाड व्हावं, भिंतही गोलातच धरू. एक जण खरोखर भिंतीपाशी गेला. मग पाय उचलले. अकरा-बारा सेकंद शांतता. माझ्या उजवीकडचा हात थरथरायला लागला आणि मला कळेना की तो त्यांचा थरथरतोय की माझा. आम्ही कोसळलो तेव्हा भिंतीपाशी असलेला माणूस एकटा उभा होता आणि वेड्यासारखा हसत होता. घड्याळ बघणारा तोच.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. न सांगता गेलेल्या तिला मी निरोप पाठवला. 'का येत नाहीस' असं विचारलं नाही, कारण मीच बघितलंय की तो प्रश्न गुन्हेगाराला विचारल्यासारखा वाटतो. फक्त लिहिलं, 'गुरुवारी मी मोजणार नाहीये. वाटलं तर ये.' ती आली. खांबाआड चटई टाकली (आजी!). शेवटी सगळे गेल्यावर चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाली, 'तुझ्या दहा आकड्यांत माझा श्वास बसायचा नाही. मी सातव्यालाच रोखून धरायचे. मग चक्कर यायची. सगळ्यांना जमतंय, मलाच नाही, असं वाटायचं.'

चार वर्षं एकटीने केलं, त्यामुळे माझा आकडा हा फक्त माझा आकडा आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

पाठदुखीवालीला अजून बोलावलं नाही. आधी सांधेवाली, तुम्हाला विपूमध्ये (खासगी निरोपात) तिच्याबद्दल विचारते.

सांधेवाली

विचार. आणि तिने तोपर्यंत पुढे वाकणं टाळावं.

मोजणी बंद

शांततेत सगळे गोंधळले का मग?

अर्धचंद्री

पाच मिनिटं. मग मीच गोंधळले, कारण मला दुसरं काही कामच उरलं नाही. शेवटी खाली बसून त्रिकोणासन केलं. म्हणजे उभं राहून. तुम्हाला कळलं. केलं ते आठवतंय, हे महत्त्वाचं.

एकांतवासी

एक विचारू का? हे वृक्षासन गोलात करताना तळवा नेमका किती टेकवायचा? शेजारी माझा एक पुतण्या आहे, तो तयार आहे.

तिरकस

एकाकी, रहसि स्थितः, पुतण्यासह.

सांधेवाली

कागद मध्ये ठेवला तर पडू नये आणि फाटू नये, इतका.

वज्रासनी आजी

अर्धचंद्री, तुझ्या त्या खांबाआडच्या मुलीला माझा नमस्कार सांग. पुढच्या गुरुवारी राज्य कुणावर आहे?

अर्धचंद्री

तिच्यावरच. स्वतःहून म्हणाली. पण फक्त एक नमस्कार, आणि सगळ्यांनी डोळे मिटून करायचा अशी तिची अट आहे.

कुंभकर्णासन

चिठ्ठ्यांच्या डब्यात शवासनाची एक उरली असेल तर इकडे पाठवा.